अकरा सापळ्यांची सरासरी

राळेगाव तालुक्यात आमच्याकडे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर आणि थोडं सोयाबीन. त्यात घर चालतं ते पऱ्हाटीवर, आणि पऱ्हाटीच्या मागं लागलेली गुलाबी बोंडअळी. २०१७ साली तिनं विदर्भात काय करून ठेवलं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेही कोणी विसरलेलं नाही. म्हणून फवारणी करायची की थांबायचं, हा प्रश्न आमच्याकडे नुसता पैशाचा राहिलेला नाही.

कृषी सखी, म्हणजे गावातच राहून शेतकऱ्यांना शेतीत मदत करणारी बाई, म्हणून गटाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा कामगंध सापळ्यांची वहीही आली. ज्यांनी सापळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. नरसाळ्यासारखं प्लास्टिकचं भांडं, त्याला खाली लांब पिशवी, वर झाकण आणि झाकणाच्या आत ल्यूर नावाची बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू. तिला मादीचा वास असतो. त्या वासावर नर पतंग येतात, घिरट्या घालतात आणि पिशवीत पडतात. सकाळी पिशवीची गाठ सोडायची आणि मोजायचं. पेरणीला दीडेक महिना झाला की सापळे लागतात. शिफारस एकरी दोन सापळ्यांची आहे, पण आमच्या गटाच्या वाट्याला आले अकरा, ते वाटून घेतले. नियम असा की एका सापळ्यात रात्रीतून आठ किंवा त्याहून जास्त पतंग, आणि तेही सलग तीन रात्री, सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढं फवारणी करावी लागते ती, ओलांडली असं धरायचं.

वहीत मी ते आकडे लिहायचे आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज करून भागायचे. मोबाईलचं कॅल्क्युलेटर होतंच. शीट हा प्रकार गावात आणला कृषिकन्यांनी. कृषी महाविद्यालयाच्या मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. त्यातली एक माझी वही चाळताना म्हणाली, "ताई, हे सगळं मोबाईलमधेच का नाही टाकत? बेरीज त्यालाच करू द्या." आणि तिनं माझ्या फोनवर गूगल शीट्स उघडून दिलं.

पहिल्या संध्याकाळी शिकले ते एवढंच: आडव्या ओळीला आकडा, उभ्या रकान्याला अक्षर, आणि बरोबरच्या चिन्हानं सुरू केल्याशिवाय शीट काही मोजत नाही. ओळ आणि रकाना जिथं मिळतात तो चौकोन म्हणजे घर. ओळीत सापळा, रकान्यात रात्र. सापळ्याला नंबर आणि पुढं वावर कुणाचं ते. मग बरोबरचं चिन्ह, ॲव्हरेज, कंसात पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. पूर्वी जेवणानंतर बसून करायचं काम एका दाबात झालं. त्या मुलीला यात काही विशेष वाटलं नाही, मला वाटलं.

खरी शिकवणी मात्र शीटनं पुढं घेतली. लोक आकडे व्हॉट्सॲपवर पाठवत, आणि मी शेतात असले की माझा भाचा ते भरत असे. त्यानं एका घरात "५ पतंग" असं पुरं लिहिलं. माणसाला कळतं, शीटला कळत नाही. आकड्याबरोबर अक्षर आलं की ते सगळं घर तिच्या लेखी मजकूर होतं आणि बेरजेतून, सरासरीतून गुपचूप बाहेर पडतं. चूक झाली असं ती म्हणतसुद्धा नाही. कृषिकन्येनं यावर सोपी खूण सांगितली: आकडा घराच्या उजव्या कडेला जाऊन बसतो, मजकूर डाव्या. तेव्हापासून भरलेला रकाना वरून खाली एकदा नजरेनं पाहायचा, डावीकडे कोण बसलंय का. दुसरी गंमत बोंडांची. दहा हिरवी बोंडं फोडली, दोन किडकी निघाली, म्हणून भाच्यानं दोन, तिरपी रेघ, दहा असं लिहिलं. शीटनं त्याची दोन ऑक्टोबर केली. किडक्या बोंडांच्या रकान्यात गांधी जयंती! मग फोडलेली बोंडं एका रकान्यात, किडकी दुसऱ्यात, आणि टक्के तिसऱ्यात असं केलं. ते तसंच असायला हवं होतं, कारण पुढं कुणी वीस फोडतो, कुणी दहा.

रिकाम्या घराचा प्रश्न यापेक्षा जड निघाला. वादळात सापळा आडवा झाला, पिशवी फाटली, किंवा मालक लग्नाला गेला आणि कुणी मोजलंच नाही. त्या घरात काय लिहायचं? गटात बहुतेकांचं मत शून्य. "काहीच सापडलं नाही ना, मंग शून्यच तं हाय." मी म्हटलं, सापडलं नाही आणि पाहिलं नाही यात फरक आहे. शीटही तो फरक करते. घर मोकळं सोडलं तर ॲव्हरेज त्याला मोजणीतच धरत नाही; शून्य लिहिलं तर धरतं. चार सापळ्यांत सहा, चार, मोकळं आणि दोन असेल तर सरासरी चार येते, कारण भागाकार तिनानं होतो. मोकळ्याच्या जागी शून्य टाका, सरासरी तीन. पडलेल्या सापळ्यानं गावातली अळी कमी करून दाखवली! म्हणून गटात ठरवून टाकलं: पिशवी सोडून पाहिली आणि रिकामी निघाली तरच शून्य. नाहीतर घर मोकळं, आणि शेवटच्या रकान्यात कारण.

यानंतर आली ती रात्र, जिच्यामुळे मला सरासरीच्या पुढं जावं लागलं. अकरा सापळ्यांचे आकडे असे होते: २, ३, १, ४, २, ०, ३, २, १, ३१ आणि २८. बेरीज ७७, सरासरी ७. पातळी आठची. म्हणजे गाव पातळीच्या खाली, आणि वर पाठवायच्या तक्त्यात रकाना एकच, सरासरीचा. तिथं सात लिहिलं की सगळं शांत.

मामाजी शेजारी बसून पाहत होते. त्यांनी विचारलं, "सात म्हंजे कोणाच्या वावरात सात?"

कुणाच्याच नाही, मी म्हटलं.

"मंग हा सात आला कुठून वं?"

याला उत्तर होतं, पण ते देऊन त्यांचं समाधान झालं नसतं, माझंही झालं नाही. अकरा वावरांपैकी एकातही सात पतंग नव्हते, सातच्या आसपासही नव्हते. नऊ ठिकाणी चार किंवा त्याहून कमी, दोन ठिकाणी तिसाच्या घरात. सरासरी गावाची असते, अळी वावरात असते. ती दोन वावरं कोणती हे बघायला शीटची गरजही नव्हती: दोन्ही जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, भिंतीला लागून. साठवलेल्या कापसात, सरकीत अळी राहते आणि तिथून पतंग बाहेर पडतात, म्हणून तर जिनिंगच्या आवारातसुद्धा सापळे लावायला सांगतात.

काही दिवसांनी उलटं झालं. त्या नऊ सापळ्यांची बेरीज पुन्हा अठराच, पण जिनिंगजवळच्या दोघांचे आकडे ४० आणि ४५. एकूण १०३, सरासरी ९.४. आता गाव पातळीच्या वर! हा एकच आकडा फळ्यावर लिहिला असता तर ज्यांच्या वावरात दोन पतंग आहेत त्यांनीही पंप पाठीवर घेतला असता. नऊ वावरांत काहीही बदललेलं नसताना पहिल्या खेपेला सरासरीनं दोघांना झोपवलं असतं आणि दुसऱ्या खेपेला नऊ जणांना उगाच विषात उभं केलं असतं.

कृषिकन्येला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, टोकाचे आकडे असले की मध्यक काढायचा, मीडियन." दहावीत मध्य, मध्यक, बहुलक हे तिन्ही मी पाठ केले होते. वारंवारता सारणी, चाळीस विद्यार्थ्यांचे गुण, मार्कही पडले होते; पण कशासाठी काढायचं ते ना पुस्तकानं सांगितलं ना आम्ही विचारलं. शीटमध्ये ॲव्हरेजच्या जागी मीडियन लिहिलं. आकडे चढत्या क्रमानं लावले तर अकरातला सहावा, म्हणजे दोन. बहुलकही दोन, कारण दोन हा आकडा तीनदा आला.

मीडियनची खूप स्तुती ऐकली होती, मोठ्या आकड्यांनी तो ढळत नाही म्हणून. ढळला नाहीच. ३१-२८ असतानाही दोन, ४०-४५ झाले तरी दोन. जिनिंगजवळ शंभर पतंग आले असते तरी तो दोनच सांगत बसला असता. गावातलं साधारण वावर कसं आहे असं कुणी विचारलं तर दोन हे सातपेक्षा खरं उत्तर आहे, हे मान्य. पण मला ते विचारायचंच नव्हतं. मला हवी होती बिघडलेली वावरं, आणि मीडियनचा गुण म्हणून जो सांगतात तोच इथं आडवा येत होता. पुस्तकात जे योग्य ठरतं ते आपल्या कामालाही योग्य असेलच असं नाही, हे मला या एका ओळीनं शिकवलं.

मग प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप. हातानं मी ते एकदाच काढलं, शीट काय करते ते समजावं म्हणून. प्रत्येक आकड्यातून सात वजा करायचे, आलेल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे. ० च्या फरकाचा वर्ग ४९ येतो, ३१ च्या फरकाचा ५७६, २८ च्या फरकाचा ४४१. सगळे मिळून १२५४. त्याला दहानं भागून वर्गमूळ काढलं की ११.२. दहानं का, सापळे तर अकरा? शीटमध्ये विचलनाची दोन सूत्रं असतात, एकाच्या शेवटी एस, दुसऱ्याच्या पी. अकरा सापळे हा अख्ख्या शिवाराचा नमुना आहे असं धरलं तर एस घ्यायचं, ते एक कमी करून भागतं. हेच अकरा म्हणजे सगळं जग असं धरलं तर पी. त्यानं उत्तर १०.७ येतं. आमच्या शिवारात सापळा नसलेली वावरं कितीतरी, म्हणून एस.

कृषिकन्येनं शिकवलं होतं की सरासरीच्या खाली एक विचलन आणि वर एक विचलन घेतलं की साधारण दोन-तृतीयांश आकडे त्यात येतात. सातातून ११.२ वजा केले. उणे चार पतंग! मामाजींना सांगितलं तर ते हसले, "म्हंजे सापळ्यानं चार पतंग आपल्या पदरचे द्या लागते." पण या उणे चारानंच मला पुढचं सुचवलं. पतंग उणे असू शकत नाहीत. म्हणजे हे आकडे एका घोळक्यातले नाहीत, इथं दोन घोळके एकत्र बांधलेत. जिनिंगजवळचे दोन बाजूला काढले आणि उरलेल्या नऊंची सरासरी घेतली: २. विचलन: १.२. आता दोन म्हणजे खरंच दोन, त्या नऊंतल्या कोणत्याही वावरात जाऊन बघा, शून्य ते चारच्या बाहेर काही मिळणार नाही. दोन गट, दोन ओळी. तक्त्यात मी सरासरी लिहून दिली, तो रकाना भरावाच लागतो, पण शेऱ्यात "जिनिंगलगतचे सापळे वेगळे पाहावेत" असं लिहिलं. कृषी सहायकांनी फोन करून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ते थेट त्या दोन वावरांत गेले.

सगळ्यात कामाचं सूत्र मात्र सांख्यिकीच्या धड्यात नव्हतंच. काउंटइफ. आठ किंवा त्याहून जास्त असलेली घरं किती, एवढंच ते मोजतं. त्या रात्रीचं उत्तर: दोन. मीडियनही दोन आणि हेही दोन, पण दोन्ही दोनांत जमीन-अस्मानाचं अंतर! यात अट अवतरणचिन्हांत लिहावी लागते, मोठं-चिन्ह, बरोबर-चिन्ह, आठ. मोबाईलच्या कीबोर्डवर ती चिन्हं शोधण्यातच माझा निम्मा वेळ गेला. पुढं पातळीचा आठ वरच्या एका घरात लिहून सूत्रात त्या घराचं नाव दिलं. सूत्र खाली ओढलं की घराचं नावही खाली सरकतं, त्याला जागेवर धरून ठेवायला अक्षराच्या आणि आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह टाकायचं. हे डॉलर प्रकरण ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकानं समजावलं, त्याला घरपट्टीच्या यादीत रोज लागतं.

सलग तीन रात्रींचं काय करायचं यावर मी बरीच अडले होते. सरासरीनं ते होत नाही. ३१, ६, ३३ यांची सरासरी तेवीसच्या वर, पण मधल्या रात्री पाऊस झाला, पतंग सहाच, म्हणजे सलग तीन रात्रींची अट पुरी झालेली नाही. उत्तर सापडलं मिनमध्ये. तिन्ही रात्रींतला सगळ्यात लहान आकडा जर आठ किंवा जास्त असेल, तर तिन्ही रात्री आठ किंवा जास्त असणारच. किती साधं! एकच अडचण, मिनसुद्धा मोकळं घर सोडून देतं, म्हणजे दोनच रात्री मोजल्या तरी ते होकार देईल. त्यासाठी काउंट वापरून आधी तीन आकडे भरलेत का ते बघायचं, आणि दोन्ही अटी ॲंडमध्ये घालायच्या. खरं आलं की घर लाल. ३१-६-३३ सारख्या ओळीला मी हातानं पिवळा रंग देते. नियमात बसत नाही म्हणून तिकडं पाठ फिरवावी असं मला वाटत नाही. तिथं जाऊन बोंडं फोडून पाहतो, दहात एकाहून जास्त किडकं निघालं तर सापळ्याची वाट कशाला पाहायची?

शीट सगळ्यांसाठी उघडी होती तोवर एकानं मोठा आकडा वर यावा म्हणून रकाना क्रमानं लावला. फक्त तोच रकाना. नावं जागेवर राहिली, आकडे हलले, आणि नदीकाठच्या वावरात एकतीस पतंग दिसू लागले. ज्यांचं वावर होतं ते भाऊ सकाळीच दारात. "ताई, माहं काय होऊन रायलं हे?" जुनी प्रत परत आणता येते म्हणून निभावलं. आता बदलायची परवानगी मला आणि भाच्याला, बाकीच्यांना पाहण्यापुरती.

हंगाम सरला, फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीचा पुढचा बहर, न ठेवता पऱ्हाट्या काढल्या, आणि शीट मिटणार तोच उताऱ्याचा प्रश्न निघाला. पुढच्या वर्षी काहींनी मिळून थेट जिनिंगला माल द्यायचा विचार होता, त्यासाठी किती कापूस निघेल याचा अंदाज हवा. सुरुवात धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोघांपासून केली. एकाचं ओलिताचं एक एकर, दहा क्विंटल. दुसऱ्याचं कोरडवाहू पाच एकर, वीस क्विंटल, म्हणजे एकरी चार. भाच्यानं दहा आणि चारची सरासरी काढली: एकरी सात. सहा एकरांचे बेचाळीस क्विंटल सांगायला तो तयार झाला.

मामाजींना शीट वाचता येत नाही, पण कापूस मोजता येतो. "दहा अन् वीस, तीस झाले न बाप्पा. बेचाळीस कुठून आणतं?"

एकराचा उतारा आणि पाच एकरांचा उतारा यांना सारखं वजन दिलं की असंच होतं. क्विंटलची बेरीज करायची, एकरांची बेरीज करायची, मग भागायचं: तीस भागिले सहा, एकरी पाच. शीटमध्ये उताऱ्याचा रकाना आणि एकरांचा रकाना गुणून मिळवायला समप्रॉडक्ट आहे, ते एकरांच्या बेरजेनं भागलं की हेच येतं. हीच गोष्ट बोंडांच्या टक्क्यांनाही लागू होती, वीस फोडणारा आणि दहा फोडणारा एकाच मापानं मोजता येत नाही, म्हणून तिथलं सूत्रही त्याच बसणीत बदलून घेतलं.

जिनिंगला अंदाज दिला तो तिसाचा. ओलितवाले भाऊ थोडे खट्टू झाले, त्यांना आपला दहाचा उतारा फळ्यावर पाहायचा होता. तोही लिहिला, वेगळ्या ओळीत, समोर "ओलीत" असं लिहून.